ठराव क्रमांक चार

माझ्यावर आजवर जेवढी संकटं आली, ती सगळी "मी सहज एक सुचवू का?" या वाक्यातून आली. शहाणा माणूस अशा वेळी चहा पितो आणि गप्प बसतो. मी मात्र दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत मधुकररावांना फोन लावला आणि म्हणालो, "मी सहज एक सुचवू का? आपली सभा कंप्युटरवर घेतली तर?"

आमचा मैत्री सेवा संघ मूळचा समुद्रपूरचा. रक्तदान, चष्मेवाटप, उन्हाळ्यात पाणपोई असली कामं करतो. सभासद पुष्कळ, पण वर्गणीपुरते. सभेला येणारे पाच, आणि गणपूर्तीही नेमकी पाचाचीच. त्यातले अध्यक्ष मधुकरराव कापडाचं दुकान मुलावर सोडून गुडघ्याच्या इलाजासाठी सावंगीला मुलीकडे जाऊन राहिले. सचिव हरिदास मास्तरांची बदली आष्टीला झाली. गावात उरलो मी, म्हणजे पंचायत समितीतला बाबू प्रेमदास थूल, आणि निवृत्त मुख्याध्यापिका सुलोचनाबाई. पाचवी कमला. ती संघाच्या खाद्य समितीची प्रमुख आणि माझी बायको. (संघात तिचं पद माझ्यापेक्षा वरचं आहे. घरातलं विचारू नका.) दिवाळी झाली आणि ती आमच्या मुलीच्या, नंदिनीच्या, बाळंतपणासाठी बंगलोरला गेली. सव्वा महिन्यासाठी म्हणून गेली होती.

सहा महिने सभा झाली नाही तर संघ आपोआप बरखास्त, असं आमच्या घटनेत लिहिलेलं आहे. तेव्हा संघ वाचावा म्हणून मी कंप्युटरचं सुचवलं.

हे साफ खोटं आहे. मला कमला पाहायची होती.

फोन होता की, असं तुम्ही म्हणाल. होता. पण फोनवर ती नातीबद्दल बोलायची, मी गॅस सिलिंडरबद्दल बोलायचो आणि मग जावई रत्नदीप फोन घेऊन "बाबा, तब्येत सांभाळा" म्हणायचा. तीस वर्षं मी ऑफिसातून आलो की ती विचारायची, "काय झालं जी आज?" आणि मी म्हणायचो, "काई नाई." आता रोज काहीतरी व्हायचं. कधी साहेबांची खुर्ची साहेबांसकट मोडायची, कधी घरकुलाच्या फायलीतून विंचू निघायचा. पण घरी आल्यावर 'काई नाई' म्हणायला समोर कुणी नसायचं. घर इतकं गप्प, की एकदा नुसती शिट्टी ऐकायला मी शिजलेली डाळ पुन्हा कुकरला लावली. मला अजिबात करमत नव्हतं. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने हे लेकीच्या घरी फोन करून सांगायचं कसं? "मी मजेत हाय," असं मी दर रविवारी ठणकावून सांगत होतो.

मधुकररावांना कल्पना आवडली. (त्यांना गुडघ्याशिवाय दुसरा विषय हवाच होता.) मी हिंगणघाटहून जुना कंप्युटर आणला, त्याच्या डोक्यावर कॅमेरा बसवला. सावंगीला आणि आष्टीला सोय झाली, सुलोचनाबाईंनी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत खुर्ची धरली. अडचण उरली लोडशेडिंगची. समुद्रपूरला लाईन असे तेव्हा आष्टीला नसे, आष्टीला येई तेव्हा आमच्याकडे जाई. हरिदास मास्तरांनी दोन्हीकडची वेळापत्रकं पुढ्यात घेऊन हिशेब मांडला, तेव्हा अख्ख्या आठवड्यात दोघांनाही लाईन असेल असा एकच पाऊण तास निघाला: रविवारी दुपारी दोन ते पावणेतीन.

पहिल्या सभेत कुणाचं काय दिसावं याला काही धरबंध नव्हता. मधुकररावांचं कपाळ आणि पंखा दिसत होता. हरिदास मास्तर कंप्युटरवर विश्वास नसल्यासारखे ओरडत होते. त्यांचा आवाज आष्टीहून थेटच येत असावा. सुलोचनाबाईंच्या मागून "गिरड, गिरड, गिरड!" अशी कंडक्टरची हाळी यायची. सभेच्या सुरुवातीला उभं राहून प्रतिज्ञा म्हणायची आमची प्रथा आहे, तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो आणि पडद्यावर नुसती पोटं दिसली.

बसलो, आणि काडेपेटीएवढ्या चौकटीत कमला दिसली. निळं लुगडं, कानात नवीन काहीतरी, आणि जरा वाळलेली. चित्र अडखळत हलत होतं, तरी ती पदर सारखा करते ते मी ओळखलं. मला पुष्कळ बोलायचं होतं. इतक्यात तिने डोळे बारीक करून विचारलं, "तुमच्या मांगं दोरीवर माझी चांगली चादर काऊन वाळून राह्यली जी? ते पाहुण्यांची होय ना?"

"सभेत खाजगी बोलू नये," हरिदास मास्तर आष्टीहून गरजले.

मग पंधरा मार्चची दुसरी सभा आली. विषय होता निधी. गावातल्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची आणि तलाठ्याच्या परीक्षेची पोरं बसतात, लाईन गेली की अंधारात घाम पुसत बसतात. त्यांच्यासाठी इन्व्हर्टर घ्यायचा होता. पैसा उभा करायला काय करावं, यावर मधुकररावांनी ऑर्केस्ट्रा सुचवला. (ते चौऱ्याण्णवपासून ऑर्केस्ट्राच सुचवतात.) सुलोचनाबाईंनी रोडग्यांचं जेवण काढलं: कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी, तिकीट लावून पाचशे पान.

आता आमच्या संघाची एक जुनी रीत तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडे मतदान हात वर करून होतं, आणि ज्याचा हात आधी वर, काम त्याच्या गळ्यात. त्यामुळे मुरलेले सभासद सभेत हात मांडीखाली घेऊन बसतात. मीही तसाच बसलो होतो. पण तेवढ्यात कमलाने नातीला मांडीवर घेतलं, तिचा चिमुकला हात धरून कॅमेऱ्यापुढे हलवला आणि म्हणाली, "आबाले टाटा कर!"

मी विरघळलो. हात वर केला, तोंडभर हसलो, आणि त्याच क्षणी माझं नेट अडकलं.

माझ्याकडे सगळ्या चौकटी काळ्या झाल्या. मी वायर काढली, लावली, कंप्युटर बंद केला, चालू केला, त्याला थोपटलं, शिवी दिली. पावणेतीनला लाईन गेली. आज कमलाला "आता ये ना" असं म्हणायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. ते तसंच राहिलं. मी पाहुण्यांची चादर घेऊन आडवा झालो.

बुधवारी आष्टीहून दोन एस.टी. बदलून सभेचं इतिवृत्त सहीसाठी आलं. (सभा कंप्युटरवर झाली तरी सही शाईचीच पाहिजे, यावर मास्तर ठाम होते.) मी वाचायला लागलो.

ठराव एक: पाच एप्रिलला रोडग्यांचं जेवण करावं. श्री. थूल यांनी हात वर करून जबाबदारी घेतली. ठराव दोन: गोवऱ्या गोळा करणे, श्री. थूल, हात वर करून. ठराव तीन: जेवण श्री. थूल यांच्या अंगणात, श्री. थूल यांचा हात वरच होता. आणि ठराव चार: "सौ. कमलाबाई थूल यांनी बंगलोरचा मुक्काम आणखी दोन महिने वाढवण्यास संघाची परवानगी मागितली व श्री. थूल यांना चालेल काय असे विचारले. श्री. थूल यांनी हात वर करून, हसतमुखाने, जोरदार अनुमोदन दिले."

माझं चित्र त्यांच्याकडे तसंच थिजून राहिलं होतं! अर्धा तास मी हात वर करून दात काढत होतो आणि चार शहाण्या माणसांपैकी एकालाही शंका आली नाही. ("तुमी एरवी बी सभेत हालतच नाई ना," मधुकरराव नंतर म्हणाले.)

मी धावत फोन लावला. कमलाचा आवाज फ्रिजमधून काढल्यासारखा होता.

"काय म्हणता? इचारलं तर केवढे हसले तुमी! नंदिनी बी पाहून राह्यली होती."

"अवं, नेट अटकलं होतं माझं!"

"नेट अटकलं तर हात कसा काय वर गेला?"

"तुले टाटा करून राह्यलो होतो मी."

मग ती म्हणाली, "तुमी? टाटा? तीस वर्षांत मले कधी केला तुमी टाटा? बंगलोरले निंगाली तवा गाडी हालली, अन् तुमी वजनकाट्यावर चढून वजन पाहून राह्यले होते!"

हे खरं होतं. (रडू येईल म्हणून मी त्या काट्यावर चढलो होतो. चौसष्ट किलो.) पण खरं सांगून माणूस फसतो तो असा. मी मधुकररावांना फोन केला. ते म्हणाले, मंजूर ठराव फोनवर रद्द होत नसतो, पुढच्या सभेत रीतसर मांडा, कारणं द्या.

म्हणजे बायको परत यावी यासाठी मला सभेत ठराव मांडायचा होता, तोही कारणांसकट! अकरा दिवस मी मसुदा लिहिला. 'महोदय, उपरोक्त विषयान्वये' याच्या पुढे गाडी जाईना.

एकोणतीस मार्चला दोन वाजता चौघांच्या चौकटी उघडल्या. प्रतिज्ञा झाली, पोटं खाली बसली. मी कागद धरला आणि सुरुवात केली, "ठराव क्रमांक चार रद्द करावा, कारण घरी... कारण घरगुती अडचण..." मी कागद बाजूला ठेवला आणि म्हणालो, "कारण मले करमत नाई."

पडद्यावर पाहिलं तर एकही चौकट हलत नव्हती. मधुकररावांचं कपाळ दगडासारखं, मास्तर खाली मान घालून, सुलोचनाबाईंचं तोंड उघडंच, कमलाचा हात गालाशी तसाच. कुणाचा आवाज नाही. झालं! पुन्हा अडकलं नेट! मला रडू आलं आणि बरंही वाटलं. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर मी त्या थिजलेल्या काडेपेटीएवढ्या कमलाशीच बोलायला लागलो.

"कमला, मी मजेत नाई. पाच महिने झाले, खोटंच सांगून राह्यलो तुले. संध्याकाळी घरी याचं जिवावर येते म्हणून मी बसस्टँडवर बसतो. कुठं जात नाई, येणाऱ्या बसा पाहत बसतो. नागपूरची बस आली की मले वाटते तू उतरशील. तू तं बंगलोरले हायेस हे मले समजते, तरी वाटते. तुई चादर मीच काढली. कपाटात तिले तुया वास होता. मंग भाजी सांडली तिच्यावर, अन् धुतली, तं वास बी गेला. नातीले पाहाले मले बी याचं हाय. पण तू ये. बस एवढंच हाय, ये तू."

"थूलसाहेब," हरिदास मास्तर खालमानेने म्हणाले, "जरा हळू बोला. भाजी सांडली, इथवर लिहून झालं माझं."

नेट ठणठणीत चालू होतं. माणसं नुसती स्तब्ध झाली होती.

आष्टी, सावंगी, बसस्टँडचा सायबर कॅफे आणि बंगलोर, एवढ्या मुलखात एकाच वेळी माझी लाज गेली. मी टेबलाखाली जायच्या विचारात होतो. मधुकररावांनी घसा साफ केला, पहिल्यांदाच कॅमेऱ्यात कपाळाखालचा चेहरा दाखवला आणि विचारलं, "ठराव चार रद्द. अनुमोदन?" तीन हात वर झाले. कमलाचा झाला नाही. तिने पदर डोळ्यांना लावला होता. मी काही विचारणार, तोच लाईन गेली.

पुढच्या शनिवारी, चार एप्रिलला, ती सेवाग्राम स्टेशनावर उतरली. सहा दिवसांत! उन्हाळ्याच्या गर्दीत रिझर्वेशन मिळवून! माझ्या बोलण्यात एवढी ताकद असेल असं मला स्वतःला वाटलं नव्हतं. मी तोंडाला दुपट्टा घट्ट बांधून उभा होतो. (ऊन होतंच, पण दुसरंही एक कारण होतं.) बॅग घेताना तिकीट खाली पडलं. उचलून पाहिलं, तर काढल्याची तारीख सोळा मार्च. सोमवार. माझ्या भाषणाच्या तेरा दिवस आधीची.

"हे तं तू पयलेच काढलं होतं!"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई? सभेत मी एवढं..."

"तुमी बोलून राह्यले होते," ती चालता चालता म्हणाली. "म्हटलं, बोलू द्या. पुन्हा कवा बोलतील का नाई."

"पण तिकीट कायले काढलं मंग, सोळा तारखेले?"

"पंधरा तारखेले तुमी अर्धा तास हसले. बायको आणखी दोन महिने येत नाई म्हणते, अन् हा माणूस हसते! रात्रभर झोप नाई मले. म्हटलं, असं घरी हाय तरी काय, एकदा जाऊन पाहावंच लागते."

घरी पोचल्यावर तिने चप्पलही न काढता तपासणी केली. स्वयंपाकघर पाहिलं, माजघर पाहिलं, कपाट उघडलं, चादर हुंगली, अंगणात उद्यासाठी रचलेल्या गोवऱ्यांना चक्कर मारली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इतकं हसण्यासारखं तं इथं काईच दिसत नाई बाप्पा."

तेव्हा नाइलाजाने मी दुपट्टा सोडला. सकाळी रोडग्यांच्या सरावासाठी गोवऱ्या पेटवताना भडका उडाला होता. त्यात माझी डावीकडची मिशी आणि उजवीकडची भुवई गेली होती.

कमलाने पाहिलं. आधी तोंडावर पदर धरला, मग भिंत धरली, मग खालीच बसली. पाच महिन्यांनी त्या घरात कुणीतरी हसत होतं, आणि मी काही केल्या तिला थांबवणार नव्हतो. डोळे पुसत ती शेवटी म्हणाली, "थांबा, मिशी काढू नका. लाईन येईपर्यंत असेच बसा समोर. नंदिनीले दाखवाचं हाय."

मी बसलो. लाईन सहाला यायची होती.