पाहुण्याचा दिवा

दुकानात कुणी मोबाईल नंबर मागितला की आमचे घरमालक चन्नप्पा अण्णा त्याला त्याच्या सासऱ्याचं नाव विचारतात. तो गोंधळतो, तुम्हाला कशाला हवं म्हणतो. "मग माझा नंबर तुला कशाला की?" असं म्हणून अण्णा साबणाची वडी पिशवीत टाकून चालू लागतात. सोबत मी असलो की घाम मला फुटतो.

मी भंडाऱ्याकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं म्हणून सोलापुरात आलो. ओळखदेख नसताना अण्णांनी खोली दिली. गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. "जेवलास का?" एवढंच विचारलं. हे उपकार फिटायचे नाहीत, म्हणून ते सांगतील ते मी ऐकतो. भीत भीत का होईना.

अण्णांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात झाली. तारा तपासताना लोकांची भांडणं, सोयरिकी, रडणं कानावर पडायचं. ते सगळं तिथंच सोडून आलो म्हणतात. तेव्हापासून आपलं काही परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं म्हटलं की ते उसळतात. "आपलं गाठोडं दुसऱ्याच्या माळ्यावर कशाला? तो सोडून बघणार न्हाय कशावरनं?"

म्हणून त्यांनी वेबसाइट घरातच थाटली. जुना कॉम्प्युटर आणला आणि दूधदुभत्याच्या जाळीच्या कपाटात बसवला. वारा लागतो, मांजर शिरत नाही. घरातला एकुलता एक टेबलफॅन त्या कपाटाकडे तोंड करून. सोलापूरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं टॉवेलनं वारा घेत बसायचो. इन्व्हर्टरही त्यालाच. मी कुरकुरलो तर म्हणाले, आपल्याला घाम पुसता येतो, मशीनला येत नाही.

वेबसाइटवर होतं काय? एकच पान. त्यांच्या आईनं जात्यावर म्हटलेली कन्नड गाणी, जुन्या कॅसेटवरून उतरवलेली. कुणी कुठूनही ती लावली की कपाटावरचा झिरोचा बल्ब लागायचा, गाणी थांबली की विझायचा. कोण आलं, कुठून आलं याची नोंद असली यंत्रं आपोआप ठेवतात. अण्णांनी ती मुद्दाम बंद केली.

मी म्हटलं, नाव तरी कळू द्यावं.

"दारी आल्याला नाव इचारायचं न्हाय. आधी पाणी द्यायचं."

बरेच दिवस बल्ब लागलाच नाही. माझाच हात कुठं लागला असेल, या धास्तीनं मी कपाटाजवळून श्वास रोखून जायचो. शेवटी अण्णांनी माझ्या फोनवरून गाणं लावून पाहिलं. बल्ब लागला. "मशीन नीट हाय," ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात ठेवला.

मग एकदा कारखान्याचा माल घेऊन मला टेम्पोबरोबर अक्कलकोटला जायचं होतं. अण्णा म्हणाले, बाजारात माझ्या तम्माचं किराणा दुकान आहे, त्याला वेबसाइटचा पत्ता सांग. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. वाटणीत शब्दाला शब्द लागल्यापासून दोघं बोलत नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

विसरेन म्हणून मी वाटभर पत्ता घोकत गेलो. तम्मांनी तो ऐकला आणि साखर तोलत राहिले.

"मला असलं काय समजत न्हाय. अन् मी बघितलं की त्याला कळणार, व्हय की न्हाय?"

मी सांगितलं, कुणीतरी आलं एवढंच कळतं, कोण ते कळत नाही. अण्णांनीच तशी सोय केलीय.

तम्मांनी शेंगाचटणीची पुडी बांधून माझ्या हातात दिली. मी पायरी उतरलो तेव्हा मागून म्हणाले, "पत्ता परत एकदा सांग."

रविवारी दुपारी अण्णा मेथी निवडत होते. माझा फोन चार्जिंगला लावलेला. बल्ब लागला.

आम्ही दोघंही हललो नाही. गाणी सरली, बल्ब विझला. परत लागला. विझला, परत लागला. अण्णा मेथी टाकून उठले, फॅन वाढवला आणि एक्स्चेंजच्या साहेबासारखे छाती काढून कपाटासमोर उभे राहिले.

"अण्णा, तम्माच असतील," मी म्हटलं.

"कोण का असंना."

ते आत गेले, पितळेचा तांब्या काठोकाठ भरून घेऊन आले आणि बल्बाशेजारी कपाटावर ठेवला. अहो, पाणी मशीनवर सांडेल, मी म्हणालो.

"सांडू दे की," अण्णा म्हणाले. "लई लांबनं आलाय त्यो."