दाढ की चड्डी?

"ताई, ही फ्लॅट आणि ही मिनिमल," म्हणत धाकट्या भावाने दवाखान्यासाठी रंगवलेल्या दोन पाट्या टेबलावर ठेवल्या आणि डॉक्टरीणबाई हबकल्याच. पहिलीवर निळ्या रंगावर पांढरीफेक दाढ. दुसरी अख्खी कोरी. खाली एक वाकडी लाल रेघ.

"हे काय रे?"

"दाढेला सावली नाही, चकाकी नाही, नुसता सपाट रंग. म्हणून फ्लॅट. मिनिमलमध्ये दाढही काढून टाकली, फक्त हसू ठेवलं."

"आणि माझं नाव?"

"नावाने गिचमीड होते, ताई."

दवाखाना नवा, पेशंटचा पत्ता नाही. कुठली पाटी चालते ते तरी कळेल, म्हणून बाईंनी दाराच्या दोन्ही अंगांना दोन्ही लावल्या.

सकाळी पहिला आला तो पेंटर, शिडीसकट. "बाई, पाटी कोरीच राहिलीय. तिच्यावर लाल रंगाचा ओघळ आलाय, तो पुसून देऊ?"

बाईंनी ते हसू पाटीसकट उतरवलं.

मग एक जाडजूड काकू आल्या आणि त्यांनी पेशंटच्या खुर्चीवर नवऱ्याची पॅन्ट पसरली. "दोन बोटं आखूड करा. कंबरही सैल होतेय."

"अहो, इथे दात बघतात!"

"मग बाहेर चड्डी कशाला टांगलीय?"

बाई धावत बाहेर गेल्या. दाढेची दोन मुळं म्हणजे सरळसरळ दोन पाय! एकदा चड्डी दिसल्यावर पुन्हा दाढ दिसेना.

"ती दाढ आहे हो," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"दाढ? ती?" काकूंनी असा आ वासला की बाईंची नजर सवयीने आत गेली.

"डावीकडची किडलीय तुमची. दुखत नाही?"

"ठणकते की! तुम्हाला कसं कळलं?"

"बसा."

पॅन्ट हँगरला गेली, काकू खुर्चीत. पाठोपाठ कुणी चेन बसवायला आलं, कुणी नाडी ओवून घ्यायला. चड्डी नव्हे, दाढ, असं सांगितलं की प्रत्येकाचं तोंड उघडं पडायचं आणि बाई आत डोकावायच्या. दुपारपर्यंत बाकावर जागा उरली नाही.

संध्याकाळी भाऊ आला. "फ्लॅटला काय म्हणतात लोक?"

"चड्डी."

त्याचा चेहराच उतरला. "उद्याच बदलतो, ताई. सावली देतो, चकाकी देतो, नावसुद्धा टाकतो!"

"हात तर लावून बघ त्या चड्डीला!"

भावाचा जबडा खाली आला तो तसाच राहिला. ताईंनी दिवा त्याच्याकडे वळवला.

"अक्कलदाढ आडवी आलीय तुझी," हातमोजे चढवत त्या म्हणाल्या. "बस."