आरशातलं ठिगळ

आमच्या शेजारचे गोविंदकाका एसटीत सीट रिकामी असली तरी बसत नाहीत. नागपूरपर्यंतसुद्धा दांडा धरून उभेच जातात. कंडक्टरनं आग्रह केला तर म्हणतात, "बसलो का क्रीज मोडते. क्रीज गेली का इज्जत गेली."

काका निवृत्त हवालदार. नोकरी सुटली, पण इस्त्री सुटली नाही. सकाळी उठले की आधी इस्त्री तापते, मग चहा. लेंग्याला क्रीज, बनियनला क्रीज. त्यांच्या टॉवेलनं अंग कापत असेल अशी मला शंका आहे. एकदा दिवसभर वीज नव्हती, तर अख्ख्या बोरगावला काकांचं दर्शन झालं नाही. माझा शर्ट चुरगळलेला दिसला की चारचौघांत विचारतात, "काऊन बाबू, रात्री लॉकअपमंदी होता का?"

त्यामुळे शहरात पोलिसांच्या जुन्या सामानाचं संग्रहालय उघडलं आणि त्यात आपला गणवेश ठेवलाय असं काकांनी जाहीर केलं, तेव्हा मला जावंच लागलं. लीलाकाकू वारल्यावर तिच्या पेटीतलं खाकी कपड्यांचं गाठोडं त्यांनी न सोडताच तिथे देऊन टाकलं होतं. "चाल, खरी क्रीज काय राह्यते थे दाखवतो तुले," म्हणाले.

आत बेड्या होत्या, जुन्या बंदुका होत्या, पेटीएवढा वायरलेस होता. काकांनी कशाकडेही ढुंकून पाहिलं नाही. ते थेट काचेच्या कपाटाशी गेले. बिनडोक्याच्या पुतळ्यावर गणवेश चढवलेला. समोरून एकदम झकास. पण मागची बाजूही दिसावी म्हणून कुणा हौशी माणसानं पाठीमागे आरसा लावला होता, आणि त्या आरशात प्यांटीच्या बुडावर तळहाताएवढं ठिगळ होतं.

"अवं पाय ना, पोलिसाच्या प्यांटले ठिगळ!" कॉलेजच्या दोन मुली फिदीफिदी हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसलो. त्यांच्यातल्या एकीनं काकांचा ताठा पाहून विचारलं, "आजोबा, तुमी पोलिसात होते का? तुमची का ही?"

"नाई नाई. माही नाई," काका म्हणाले आणि तरातरा जाऊन बेड्यांच्या कपाटासमोर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कान लालबुंद झाले होते.

मी मागे गेलो. काका मग बेड्यांकडे बघतच म्हणाले, "थे ठिगळ पाहून साहेबानं मले परेडमंदी रांगेबाहीर काढलं होतं. सारे हासले. मी घरी आलो न लीलेवर कावलो. म्हटलं, तुले सुई धरता येत नाई, माही इज्जत घालवली तूनं. फेकून दे थे प्यांट. थे इतलंच म्हने, खाकी दोरा सरला होता, म्हनून पांढरा दोरा चहात उकळून घेतला." काकांनी नाक ओढलं. "मले वाटे फेकली तिनं. नाई फेकली, पाय. धुवून घडी करून ठेवली. लाज वाटून राह्यली बाबू, पन ठिगळाची नाई."

माझं मघाचं हसू मलाच टोचायला लागलं. काहीतरी करावं म्हणून मी तिथल्या कर्मचाऱ्याला गाठलं. माणूस भला होता. "आरसा काढून टाकतो ना, त्याले काय लागते," म्हणत तो पेचकस घेऊन आला.

काकांनी त्याचा हात धरला. "राहू द्या."

मग ते त्या मुलींकडे गेले. परेडला उभं राहावं तसे ताठ, पण आवाज काही ताठ नव्हता. "पोरीहो, मंगाशी मी खोटं बोललो. माही हाय ही प्यांट. ठिगळ माह्या बायकोनं लावलं."

मुली ओशाळल्या. त्यातली एक काचेला नाक लावून आरशात निरखू लागली. "आजोबा, दोरा तं दिसतच नाई. कपड्याच्याच रंगाचा आहे."

"चहाचा रंग हाय तो," काका म्हणाले. "कितीकदा धुतली असन तिनं, पन उतरला नाई."