लुवियन क्रियापद आणि जानकूंचा मेंढा

जगातील पंडितांना जे अद्याप उलगडले नाही, ते आपण तांब्याभर पाण्यात उलगडून दाखवू, असे डिंभ्याच्या जानकू बिडगर यांनी एसटी थांब्यावर जाहीर केले. एसटी दोन तास न आल्यामुळे ही वार्ता पुष्कळ लोकांपर्यंत पोचली.

त्यांची पुतणी प्रांजल पुण्यात लुवियन नामक भाषेवर प्रबंध लिहीत होती. ही भाषा तीन हजार वर्षांपूर्वी तुर्कस्तानाच्या भूमीत बोलली जाई. तिच्यातील एक क्रियापद अवघ्या दोन शिलालेखांत आढळले होते. मेंढा देवापुढे आणला, त्यावर पाणी ओतले, मग मेंढ्याने अमुक केले आणि देव संतुष्ट झाला. हे ‘अमुक’ म्हणजे ‘वाकून वंदन केले’, असे प्रांजलच्या मार्गदर्शक साधनाबाई मानत.

“मेंढरू कवा वाकतं, बाय?” जानकू म्हणाले. “अंग झाडतं त्ये. बिरोबाम्होरं आपुन पाणी घालतो, त्यानं अंग झाडलं की देवाचा कौल मिळाला.”

प्रांजल थक्क झाली. बाईंना पटले तर काकांचे नाव प्रबंधात छापू, असे तिने वचन दिले. शिधापत्रिकेखेरीज ज्यांचे नाव कोठेही छापले गेले नव्हते, त्या जानकूंना त्या दिवसापासून अन्न गोड लागेना.

रविवारी साधनाबाई मोटारीने आल्या. गाव जमले. प्रयोगात उणीव राहू नये म्हणून जानकूंनी देव्हाऱ्यातील बिरोबाचा टाक बाहेर आणून मांडला, मेंढ्याला भंडारा लावला आणि पाणी ओतले. मेंढा स्तब्ध राहिला. दुसरा तांब्या झाला, मग बादली झाली. मेंढा पाषाणात कोरल्यासारखा उभा होता.

कुजबुज सुरू झाली. देव समक्ष मांडलेला, आणि कौल मिळत नाही! म्हणजे घरातल्या कोणाचे तरी चुकले आहे. लुवियन भाषा तेथेच मागे पडली. जानकूंच्या पत्नी म्हाळसाबाईंनी हात जोडून कबूल केले की गेल्या खेपेचा नैवेद्य तुपाऐवजी डालड्यात केला होता. धाकटे बंधू मच्छिंद्र यांनी कबूल केले की जत्रेला म्हणून निघालो, परंतु मंचरला मिसळ खाऊन परतलो. मेंढा हलला नाही. सर्वांच्या नजरा जानकूंकडे वळल्या.

“देवा,” ते टाकापुढे हात जोडून म्हणाले, “ह्यो मेंढा तीन वर्सांमागं तुलाच नवसाला बोललो व्हतो. पर लई देखणा निघाला. मन झालं न्हाई.”

मेंढ्याने पुढचे गुडघे मोडले, तो खाली बसला आणि रवंथ करू लागला.

“हे वाकणं म्हणायचं का?” साधनाबाईंनी वही उघडीत सौम्यपणे विचारले.

हो म्हटले तर बाईंच्या अर्थाचे साक्षीदार म्हणून तरी नाव छापून येईल, ती अखेरची संधी होती, हे जानकूंना कळत होते.

“न्हाई बाई,” ते म्हणाले. “त्यो बसला.”

प्रबंध यथावकाश छापून आला. जानकूंचे नाव त्यात आहे, पृष्ठ दोनशे बारा, तळटीप. थांब्यावरील मंडळींच्या आग्रहावरून प्रांजलने ती मराठीत वाचून दाखवली :

“‘अंग झाडणे’ हा अर्थ डिंभे येथील श्री. जानकू सखाराम बिडगर सुचवतात. त्यांच्या मेंढ्याकडून मात्र यास दुजोरा मिळू शकला नाही.”