विसाजी कुरणे यांची दहा दिवसांची चाकरी

जे हाती येते आणि हाती राहत नाही, त्या गोल दैवतास दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघमास, ते समयी एका राज्यात (नाव लिहिण्याची आज्ञा नाही) बास्केटबॉलाचे युद्ध मांडले, त्याची हकीकत ऐसी जे. युद्धाची रीत अशी की मैदानाचे दोन्ही टोकांस उंचावर लोखंडी कडी, कडीस जाळी. गनिमाचे कडीत चेंडू टाकावा आणि आपली कडी राखावी. राज्याचे गडी धन्याचे पदरी सालभर असत, आणि कोणी जायबंदी जाहला तर त्याचे जागी दहा दिवसांपुरता माणूस बोलावीत, आणि मर्जी बसली तर सालाची सनद देत, न बसली तर रामराम. ऐशा चाकरीवर विसाजी कुरणे, वय छत्तीस, उजवा गुडघा पट्ट्याने आवळलेला, बहुत राज्ये फिरलेला, येऊन दाखल जाहला, आणि खुंटीखाली बॅग ठेवून बसला, ती उघडीना. मग पोरगेलेसे गडी थट्टा करू लागले. एक बोलिला, "आजोबा, बॅग उघडा की. कपडे कुबट होतील." विसाजी बोलिला, "उघडली की निघायची वेळ येते. आजवर चुकलेलं नाही. राहू दे बंद."

मग नऊ दिवस उत्तम गेले आणि दहावा उजाडला. सकाळी घरून मंजुळाबाईंचा फोन आला. "घर बघायला सांगू का तिकडे? दोन खोल्या पुरे. पोरीची शाळा एका जागी होईल." विसाजी बोलिला, "आजची मॅच होऊ दे." बाई बोलिल्या, "गुडघा?" "आहे." "आहे म्हणजे?" "आहे गं." ऐसे बोलून फोन ठेविला. मग सायंकाळी मैदानात उतरून पाहतो तो गनिमाचे फौजेत जोत्याजी बागल उभा. हा जोत्याजी मागे एके राज्यात चार साले विसाजीचा जोडीदार होता, आणि दोघांची एक चाल होती. विसाजी कोंडला गेला की न पाहता चेंडू डावे कोपऱ्यात फेकी, जोत्याजी तेथे असेच, आणि विसाजी कडीकडे धाव घेई, आणि जोत्याजी चेंडू परत त्याचे हाती देई. पुढे ते राज्य मोडले आणि दोघेही दहा-दहा दिवसांचे जाहले. जोत्याजी जवळ येऊन बोलिला, "कितवा?" विसाजी बोलिला, "दहावा. तुझा?" "माझाही." मग दोघे हसले नाहीत.

शिटी.

युद्ध ऐसे जाहले की कोणी कोणास पुढे जाऊ देईना, आणि विसाजीने तीन वेळा गनिमाचा चेंडू हिसकाविला, आणि वस्ताद सिदोजीबावा, ज्यांची मर्जी तीच धन्याची मर्जी, त्यांनी कडेने मान डोलाविली, आणि विसाजीने ती मान पाहिली. मग अखेरचा समय आला. राज्य एका गुणाने पुढे, चेंडू विसाजीचे हाती, गनिमाचे कडीसमोर. वस्ताद ओरडले, "धरून ठेवा. काही करू नका." घड्याळ संपेतो चेंडू राखिला की राज्य राहिले, सनद राहिली, दोन खोल्यांचे घर राहिले. तो दोन गनीम उजवे बगलेस येऊन भिडले आणि विसाजी रेषेपाशी कोंडला गेला, आणि गुडघा लटपटला, आणि श्वास पुरेना, आणि आपला कोणी दिसेना, आणि मग न पाहता हातानेच हाताचे काम केले आणि चेंडू डावे कोपऱ्यात

(येथे कागदास भोक आहे. चेंडू त्यातून गेला असे समजावे.)

जोत्याजी तेथे होता. अंगावर वस्त्र गनिमाचे. पलीकडील राज्याची कडी मोकळी, राखावयास कोणी नाही. जोत्याजीने नुसते धावत जावे तर राज्य बुडते. सभा उठून उभी राहिली. आणि विसाजी, आपण काय केले हे उमगण्याआधीच, सवयीने गनिमाचे कडीकडे धावला. आणि जोत्याजीने चेंडू धरिला, आणि धावता विसाजी पाहिला, आणि चेंडू परत दिला. आणि विसाजीने तो कडीत टाकिला.

शिटी.

जय जाहला. नगारे वाजू लागले, आणि धनी स्वतः खाली उतरून बोलिले, "काय युक्ती! याची सनद लिहा." परंतु पलीकडे गनिमाचे वस्तादाने जोत्याजीची गचांडी धरिली आणि बोलिला, "ठरवून दिलास ना? दोघे जुने यार. फितूर आहेस तू. आत्ताच पंचांसमोर उभा करतो, जन्मात चेंडूला हात लावणार नाहीस." जोत्याजी खाली पाहत उभा. मग पंच विसाजीकडे वळले. "युक्ती होती का ठरलेलं होतं?" सनदेवर शाई वाळावयाची होती. युक्ती म्हणावे तर सनद आपली. जोत्याजीचे काय ते पंच पाहोत. विसाजीने ओल्या हातांनी तोंड पुसले आणि बोलिला, "युक्ती नाही. ठरलेलंही नाही. मी चुकून दिला."

"चुकून?" सिदोजीबावा पुढे आले. "धरून ठेवा म्हटलं होतं, तेव्हा गनिमाला चेंडू दिलात? चुकून?"

"हो बावा. बघितलंच नाही. त्या कोपऱ्यात हा असतो."

"आणि याने परत का दिला?"

"त्याचीही चूक. विचारा हवं तर, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय."

मग पंच आपसात बोलिले आणि फितुरी नाही ऐसा निवाडा जाहला, आणि गनिमाचे वस्तादाने जोत्याजीस मूर्ख म्हणून काढिले, फितूर म्हणून नव्हे. आणि सिदोजीबावा धन्याचे कानी लागले, आणि धन्याने सनद घडी करून खिशात घातली. बावा विसाजीस बोलिले, "माणूस चांगला आहात. पण घाबरल्यावर तुमचा हात कोणत्या राज्याचा असतो ते मला कळायला हवं." विसाजी बोलिला, "बरोबर आहे." त्यास बॅग भरावी लागली नाही.

मग बाहेर रिक्षाचे नाक्यावर दोघे उभे राहिले आणि मंजुळाबाईंचा फोन आला, आणि विसाजी बोलिला, "जिंकलो. घर नको बघू." बाई बोलिल्या, "जेवलास का?" तो बोलिला, "जेवतो." मग फोन खिशात घालून जोत्याजीस पुसिले, "एक सांग. परत का दिलास?"

जोत्याजी बोलिला, "तू धावलास."

एवंच, राज्य राहिले. चूक दोघांची जाहली, जय धन्याचा जाहला. एकाची रिक्षा उत्तरेस गेली, एकाची दक्षिणेस, आणि ती चाल पुढे कोणी केली नाही. लेखनसीमा.