दोन टोकं, दोन किल्ल्या

सलग तीन दिवसांची सुट्टी आली आणि घरात दोन पक्ष पडले. काकांना त्यांचं घर रंगवायचं होतं. डबे, ब्रश, शिडी अशी जय्यत तयारी होती, कमी होती ती फुकटच्या माणसांची. दुसरा पक्ष म्हणजे घरातली लेक, ती एकटी. तिला सगळ्यांना घेऊन रोज समुद्रकाठची एक नवी वाट चालायची होती. आजवर सहलीत तिच्याकडे एकच खातं असायचं, मागच्या सीटवर पिशव्या सांभाळण्याचं. यंदा मात्र तिने जेवणाच्या टेबलावर नकाशाच अंथरला.

शेवटी बाबांनी तोडगा काढला. "पहिली वाट नीट पार पडली तर पुढचे दोन दिवस हिचे. गडबड झाली तर ब्रश."

काकांनी लगेच जुने कपडे शोधायला घेतले.

तिची योजना मात्र फक्कड होती. वाट जेमतेम तासाभराची, एका टोकाला दीपगृह, दुसऱ्याला बोटींचा धक्का. ती, बाबा आणि आत्या दीपगृहापाशी गाडी लावून निघणार. आई, काका आणि काकू धक्क्यापाशी. मध्यावर भेटायचं, खायचं, गाड्यांच्या किल्ल्या बदलायच्या आणि सरळ पुढे जायचं. समोर एकमेकांची गाडी तयार. उलटं चालणं नाही की काही नाही.

मध्यावर भेट झाली, डबे उघडले. कोण जास्त भरभर चाललं यावरून आत्या आणि काकांची अशी जुंपली की बाकीच्यांची हसून पुरेवाट झाली. हसतहसतच सगळे आपापल्या दिशेने निघाले.

धक्क्यावर पोचल्यावर बाबांनी खिशात हात घातला आणि स्वतःच्याच गाडीची किल्ली बाहेर काढली. तेवढ्यात दीपगृहाकडून आईचा फोन आलाच. मग दोन्ही गटांनी मागे फिरायचं ठरलं.

मध्यावर पुन्हा गाठ पडली. आता चूक होणे नाही, म्हणून तिने बाबा आणि काकांना समोरासमोर उभं केलं, स्वतःच्या डोळ्यांदेखत किल्ल्या बदलायला लावल्या आणि टाळ्या वाजवल्या. सगळे मोठ्या समाधानाने आपापल्या वाटेला लागले.

दीपगृह दिसायला लागलं तशी आत्या थबकली. "काय गं, आपण आपल्याच गाडीकडे चाललोय ना?"

"हो."

"आणि किल्ली त्यांच्या गाडीची घेतलीये."

बाबांनी धक्क्यावर फोन लावला. दोन्हीकडून नुसत्या धापा ऐकू आल्या आणि दोन्ही गट पुन्हा मागे फिरले.

तिसऱ्यांदा समोरचा गट दिसला, तशी ती एका खडकावर चढली. "हात खिशात. कुणी काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. नुसतं चालत राहायचं."

सातजन्मीचे वैरी असावेत तसे दोन्ही गट नजर चुकवून एकमेकांना ओलांडून गेले. काकूंनी आत्याला तिची पाण्याची बाटलीसुद्धा परत दिली नाही.

काकांच्या घरी आल्यावर सगळे दिसेल त्या खुर्चीत कोसळले. गाड्या मात्र ठरल्याप्रमाणे बदलून आल्या होत्या. तीच संधी साधून तिने छाती पुढे काढली. "योजनेत होतं तस्संच झालं की नाही? वर तीन वेळा चालणंही झालं."

"झालं ना?" काकांचे डोळे चमकले. "तीन दिवसांचं चालणं आजच उरकलं. म्हणजे उद्यापासून रंग."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. आपलीच जीभ आपल्याला नडली. बाबाही मान डोलवायला लागले, आई म्हणाली की हिशोब तर बरोबर आहे.

विजयी काका ब्रश आणायला उठले. म्हणजे, उठायला गेले. पोटऱ्यांनी साफ नकार दिला. दोन्ही हातांनी खुर्ची धरून ते अर्ध्यावर लोंबकळले आणि कोपऱ्यात उभ्या शिडीकडे, तिच्या एकावर एक पायऱ्यांकडे बघत राहिले. मग हळूच परत बसले.

"कप्तान," ते खालच्या आवाजात म्हणाले, "उद्याची वाट सपाट आहे का गं?"