मूळकारणरावांचं निदान

पडद्यावरच्या दवाखान्यातली खुर्ची आधी थरथरली, मग तिच्यातून हिरवे पट्टे निघाले, मग ती छताला जाऊन चिकटली आणि शेवटी सगळा पडदाच काळा झाला. टेबलाशेजारच्या स्टुलावर ठेवलेला सीपीयू मात्र आतल्या आत घोंघावत राहिला.

"अहो, परत गेलं!" बायको ओरडली.

ओरडायची काही गरज नव्हती. नवरा मागेच उभा होता. कुणाचं काही बिघडलं की हे गृहस्थ मागे उभे असायचेच. ऑफिसात त्यांना 'मूळकारणराव' म्हणत. कुठलीही वस्तू बिघडली की तिला हात लावायच्या आधी ते "पण मूळ कारण काय?" असं विचारत, आणि त्यावर इतका वेळ बोलत की ती वस्तू कंटाळून आपली आपण सुरू तरी होई, नाही तर भंगारात तरी जाई. सुरू झालेल्या वस्तूंच्या गोष्टी ते पाहुण्यांना सांगत. भंगारात गेलेल्यांच्या गोष्टी सांगायला कुणी शिल्लक नव्हतं.

बायको घरांची आणि दुकानांची आतली मांडणी आखून देत असे. बरीच वर्षं दुसऱ्याच्या कंपनीत मान मोडून आराखडे काढल्यावर तिनं नोकरी सोडली होती आणि घरातल्या मागच्या खोलीत स्वतःचं काम थाटलं होतं. हे पहिलंच मोठं काम. चार वाजता दातांच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या आणि त्यांना त्यांचा नवा दवाखाना पडद्यावर आतून फिरवून दाखवायचा होता. आवडला तर काम हिचं. नाही तर ते जाणार होतं हिच्या जुन्या कंपनीकडे, जिथला साहेब "येईल बघा परत, रडत येईल," असं येईल त्याला सांगत बसला होता.

"लक्षणं सांग," मूळकारणराव म्हणाले. त्यांनी आज मुद्दाम रजा काढली होती. कुणीही काढायला सांगितली नव्हती.

"साधे आराखडे नीट चालतात. दवाखाना आतून फिरवायला लागलं की पट्टे येतात आणि बंद पडतं. मला वाटतं, चित्रं फिरवणारं ते ग्राफिक्स कार्ड तापतंय. तुम्ही ते कव्हर—"

"मी लक्षणं विचारली. मत नाही विचारलं."

त्या कव्हरबद्दल सांगायला हवं. आठवड्यापूर्वी मूळकारणरावांना असा शोध लागला होता, की जगातले सगळे कॉम्प्युटर धुळीनं बिघडतात. त्यांनी लगेच मापं घेतली आणि आईला शिवणयंत्रावर बसवून सीपीयूसाठी जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. आतून अस्तर. पुढं बटणापुरतं भोक, मागं वायरींपुरतं भोक. बाकी मुंगीला आत जायची सोय नव्हती. "अहो, याला हवा कशी लागणार?" असं बायकोनं तेव्हाच विचारलं होतं. "हवेतूनच तर धूळ येते," असं उत्तर मिळालं होतं. अशा उत्तरावर माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्या माणसाला उत्तर पटलं असा मूळकारणरावांचा समज होता.

तर मूळकारणरावांनी कव्हर काढलं, सीपीयूची बाजू उघडली, आत दोनदा फुंकर मारली आणि मागची पिन काढून परत बसवली. थोड्या वेळानं कॉम्प्युटर सुरू केला. खुर्ची जागेवर. पट्टे गायब. दवाखाना झुळझुळ फिरू लागला.

"पिन सैल होती," मूळकारणराव म्हणाले. "मूळ कारण, पिन." आणि त्यांनी बाजू बंद करून कव्हर परत चढवलं.

काय झालं ते वाचकाला कळलं असेल. वाचकाच्या शेजारी बसलेल्या माणसालाही कळलं असेल. मूळकारणरावांना कळायला अजून बराच अवकाश होता.

तेवढ्यात आई आत आल्या आणि हातातले ओले मोजे त्यांनी कव्हरवर पसरले. "काही म्हण, पण तुझी ही पेटी गुणाची आहे हो. मोजे झटकन वाळतात हिच्यावर. गॅलरीत दिवस जातो."

"आई, आत्ता मध्ये बोलू नकोस. महत्त्वाचं काम चाललंय."

आई बाहेर गेल्या. त्यांना सवय होती.

मोजे वाळायच्या आत खुर्ची पुन्हा छताला चिकटली.

"म्हणजे पडदाच खराब," मूळकारणराव म्हणाले, आणि खात्री करून घ्यायला बाहेरच्या खोलीतला टीव्ही उचलून आणायला निघाले. टीव्हीसमोर आई नुकत्याच टेकल्या होत्या. मालिकेतल्या सासूला विष कुणी घातलं ते आता कळणार होतं.

"अरे, हे काय! कुठं नेतोस?"

"तपासणीला."

"माझा टीव्ही चांगला चाललाय!"

"म्हणूनच नेतोय."

आईंची समजूत काढायला बायकोला बाहेर जावं लागलं. इकडे टीव्हीची वायर मागं जोडायची म्हणून कव्हर काढावं लागलं. वायर सापडेपर्यंत, ती उलटी घालून सुलटी करेपर्यंत पेटी चांगली गार झाली. टीव्हीवर दवाखाना झकास दिसला. "मूळ कारण, पडदा!" मूळकारणरावांनी आतून आरोळी ठोकली, आणि विजयी हातांनी कव्हर चढवलं. मग टीव्हीवरही पट्टे आले. आता खुर्ची मोठ्या पडद्यावर फाटलेली दिसत होती, एवढीच प्रगती.

बायको परत आली तेव्हा दाढी खाजवत ते विजेच्या विचारात गढले होते.

"अहो, हात जोडते, ते कव्हर एकदा काढूनच ठेवा ना. दुपारपुरतं."

"कव्हर त्या पेटीचं रक्षण करतंय. पहारेकऱ्यालाच चोर म्हणतेस तू! आणि पहिले दोन दिवस कव्हर असतानाच चाललं की नाही?"

"तेव्हा मी साध्या रेघा काढत होते!"

"रेघा त्या रेघाच," मूळकारणराव म्हणाले आणि मीटरच्या पेटीकडे गेले. दाब कमी पडतोय असं त्यांचं ठरलं होतं. म्हणून त्यांनी फ्रीज बंद केला. वॉशिंग मशीन बंद केलं. ते अर्ध्या धुण्यावर होतं, दार आतून कुलूपबंद, आणि पोटात भरपूर साबणाचं पाणी. त्या पाण्यात, काचेला चिकटून, चार वाजता घालायचा बायकोचा निळा ड्रेस होता.

"माझा ड्रेस!"

"वस्तू सुरक्षित आहे. दिसतेय की."

दार उघडेना. बायकोनं मशीन पुन्हा सुरू केलं, तर ते पहिल्यापासून धुवायला लागलं. तोवर फ्रीजमधला बर्फ वितळून स्वयंपाकघरात ओघळ आला होता. तो पुसायला ती फडकं घेऊन खाली बसली, आणि मागच्या खोलीत मूळकारणराव पुन्हा एकटे उरले. घरातलं सगळ्यात मोठं संकट कोणतं म्हणाल, तर हेच.

त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"कार्ड तापतंय साहेब," तिकडून तो म्हणाला. "पेटीला हवा लागतेय का?"

"आमच्याकडे धुळीचा कण नाही."

"धूळ नाही विचारली, हवा—"

मूळकारणरावांनी फोन ठेवला. "प्रश्न समजून न घेता उत्तरं देतात ही माणसं," ते स्वतःशी म्हणाले. चूक फक्त एवढीच, की हे त्यांनी दुसऱ्याबद्दल म्हटलं.

आता एकच संशयित उरला होता. आराखडा. बायकोनं त्यात नाही नाही ते भरून ठेवलं होतं. बाहेर थांबणाऱ्या रुग्णांची खोलीच बघा: खुर्च्या, कुंड्या, भिंतीवरची चित्रं, माशांची टाकी, तिच्यात मासे. दात दाखवायला आलेल्या माणसाला मासे कशाला हवेत? "वजन जास्त झालंय," मूळकारणराव म्हणाले. बायकोला विचारायला जावं, तर ती फरशी पुसत होती, आणि कामात असलेल्या माणसाला त्रास द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी बसायची अख्खी खोली निवडली आणि पुसून टाकली. मग सेव्ह केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते कुणाला बघायचं असेल, तर तो क्षण बघण्यासारखा होता.

दारावरची बेल वाजली.

डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या होत्या. दार उघडणाऱ्या बायकोच्या अंगात घरातले कपडे आणि हातात ओलं फडकं होतं. बाहेरच्या खोलीत रिकाम्या भिंतीकडे तोंड करून आई बसल्या होत्या. आणि मागच्या खोलीत, कोचावरून आणलेल्या उशीवर टेकवलेल्या टीव्हीत, हिरव्या पट्ट्यांची मजा चालली होती.

बायकोचा चेहरा पडला. जुन्या साहेबाचं हसू तिला इथून दिसलं.

"कॉम्प्युटर आजारी आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कधीपासून?"

"त्याचं असं आहे, मॅडम," मूळकारणराव पुढं झाले, "आपण आधी मूळ कारण—"

"मी यांना विचारते आहे."

"हो, पण हिला ते नीट सांगता—"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं पाहिलं. मग त्या बायकोकडे वळल्या. "कधी होतं? कशानं वाढतं? कशानं थांबतं?"

बायको बोलायला लागणार, इतक्यात मोजे न्यायला आई आत आल्या. बाईंनी त्यांनाही विचारलं, "हे इथं वाळत घालता?"

"तर काय!" आई खुलल्या. कित्येक दिवसांत घरात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. "हा कोट घातल्यापासून पेटी अशी तापते, अशी तापते, की चहा ठेवावा. नागडी असते तेव्हा गार असते. मी सकाळीच सांगत होते याला."

डॉक्टरीणबाईंनी कव्हरवर हात ठेवला आणि पटकन मागं घेतला. "अहो, हिला ताप आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही हिला गोधडीत गुंडाळलंय."

कव्हर निघालं. बायकोनं टेबलफॅन आणून उघड्या पेटीसमोर लावला. थोड्या वेळानं कॉम्प्युटर सुरू झाला आणि खुर्ची शहाण्यासारखी जमिनीवर उभी राहिली. मूळकारणराव बोलणार होते, पण बाई पडद्याकडे बघत होत्या.

बायकोनं पडद्यावरच्या दवाखान्याचं दार उघडलं. आत बसायची खोलीच नव्हती. उरल्या होत्या नुसत्या चार भिंती आणि फरशी. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

"इथं काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाई खोलीकडे बघत होत्या. बायको नवऱ्याकडे बघत होती. आणि दिवसभराचा राग डोक्यात गेल्यावर काही माणसं रडतात, काही ओरडतात, हिला मात्र एक कल्पना सुचली.

"मॅडम, तुमच्याकडे रुग्ण एकटे येतात का?"

"एकटे कुठले!" डॉक्टरीणबाई उसळल्या. "दात एकाचा दुखतो, बोलतो दुसराच. मी रुग्णाला विचारते, उत्तर सोबतचा देतो. हिला गोड आवडतं, हिचा डावा नाही उजवा दुखतो, लहानपणी ही पडली होती. तोंड उघडून बसलेला माणूस बिचारा नुसती मान हलवतो. वीट आलाय मला."

"म्हणून ही जागा मोकळी ठेवलीय," बायको म्हणाली. तिची बोटं झराझर चालली. एक काचेची भिंत उभी राहिली. आत मऊ कोच आला, दिवा आला, काचेचं जाड दार आलं. "सोबतच्या मंडळींची खोली. आतून त्यांना सगळं दिसेल. बाहेर काही ऐकू येणार नाही."

डॉक्टरीणबाई पुढं वाकल्या. "अजिबात नाही?"

"भिंतीवर डोकं आपटलं तरी नाही."

"काम तुमचं," बाई म्हणाल्या. "उद्यापासून लागा."

मूळकारणराव पडद्याजवळ आले. "सगळ्या दवाखान्यात ही खोली मला सर्वात आवडली," ते मनापासून म्हणाले. "बसणाऱ्याचा विचार केलाय."

बायकोचे डोळे भरून आले. ते आनंदानं की हसू दाबून, ते तिलाच ठाऊक. आईंनी मात्र मोजे तोंडावर धरले.

ग्राफिक्स कार्डानं बाई जाईपर्यंत कसाबसा दम धरला आणि मग कायमचे डोळे मिटले. इतक्या दिवसांचा ताप, दुसरं काय होणार? दुरुस्तीवाल्यानं ते काढून हातात दिलं, तेव्हा मूळकारणरावांनी ते उजेडात धरून निरखलं आणि सगळ्यांना निर्णय सांगितला. मूळ कारण, मोजे. ओल आत गेली. ऑफिसातही त्यांनी हेच सांगितलं, आणि एकजण खरंच म्हणाला, "वा!" एकजण नेहमी म्हणतोच. कव्हर त्यांनी जपून ठेवलं. पुढं ते टोस्टरला बसतंय का बघत असताना बायकोनं त्यांना पकडलं, आणि आईंनी कात्री घेतली.

दवाखाना उभा राहिला. पुढं एकदा आईंची दाढ दुखायला लागली आणि मूळकारणराव अर्थातच सोबत गेले. वाटेतच त्यांनी दाढेचं मूळ कारण शोधून ठेवलं होतं. दारातल्या मुलीनं त्यांना अदबीनं काचेच्या खोलीत नेलं, कोचावर बसवलं आणि दार लावून घेतलं.

आई खुर्चीत बसल्या. काचेपलीकडे मूळकारणराव उभे राहून बोटांवर मोजत मुद्दे सांगत होते. ओठ हलत होते, मान हलत होती, बाहेर चिमणीएवढाही आवाज येत नव्हता.

"सांगा आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुठं दुखतंय?"

आईंनी एकदा मागं काचेकडे पाहिलं. खात्री पटल्यावर त्या ऐसपैस टेकून बसल्या.

"दाढेचं नंतर बघू हो," त्या म्हणाल्या. "आधी मला बोलू द्या थोडं."